बिऱ्हाडे अक्कांचा हौद

"हात इथं नको धुऊस. तिकडं चल."

बिऱ्हाडे अक्का माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. १९८४चा जून होता. धुळ्यातल्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायला मी रुजू होऊन चार तास झाले होते. मधल्या सुट्टीत डबा संपवून नळाखाली हात धरणार, तोच मागून हे आलं. वळून पाहिलं तर उंच, काटक, पन्नाशीकडं झुकलेल्या बाई. निळ्या काठाची पांढरी सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, हातात रिकामा डबा. त्यांच्यामागं बाकीच्या शिक्षिका आपापले डबे घेऊन निघालेल्या. मी नवी होते, काही न विचारता त्या रांगेत सामील झाले.

रांग शाळेच्या मागच्या अंगणात गेली. तिथं भिंतीलगत विटांची एक पन्हळ होती आणि तिच्या तोंडाशी पाण्याची बादली. आधी भाकरीच्या तुकड्यानं डबा पुसून घ्यायचा, तेलाचा थेंब राहता कामा नये. मग तांब्याभर पाण्यात हात आणि डबा, दोन्ही उरकायचं. साबण नाही. ते पाणी पन्हळीतून वाळूच्या खड्ड्यात जायचं, तिथून कर्दळीच्या मुळांतून झिरपत एका दगडी हौदाकडं. मी यावलकडची, केळीच्या बागेत वाढलेली. आमच्याकडं पाट भरून वाहायचा. मला हा सगळा प्रकार कंजूषपणाचा वाटला आणि मी तो पहिल्याच दिवशी बोलूनही दाखवला.

"नवी आहेस," अक्का म्हणाल्या. "धुळ्याचा एक उन्हाळा काढ, मग बोल."

शाळा म्हणजे कुणा जिनिंगवाल्या शेटचा जुना बंगला. मागं चिंचेची दोन आणि जांभळाचं एक अशी तीन अजस्र झाडं, पलीकडं गोदामाची दुमजली भिंत. ऊन तिथं दुपारी जेमतेम अर्धा तास उतरायचं, तेही एका कोपऱ्यात. शेटच्या काळी तिथं बाग होती म्हणत. तिरक्या रोवलेल्या विटांच्या कडा आणि मधोमध तडा गेलेला हौद, एवढीच तिची खूण राहिली होती. बाकी मोडकी बाकं, फुटके फळे आणि पाचोळा. आमचे शिपाई हिलालभाऊ आठवड्याला तो पाचोळा पेटवायचे आणि धूर सहावीच्या वर्गात शिरायचा. आधी कोणी कोणी तिथं गुलाब, शेवंती लावून पाहिली होती. महिन्याभरात सगळ्यांनी माना टाकल्या. सावलीत काही येत नाही, हे शाळेत सगळ्यांचं ठाम मत होतं.

"सावलीला नावं ठेवू नका," अक्का म्हणायच्या. "मे महिन्यात भर दुपारी आग्रा रोडवर तासभर उभ्या राहा, मग बोलू."

त्यांनी काम सुरू केलं ते मी रुजू होण्याच्या आधीच्याच उन्हाळ्यात. पहिल्यांदा पाचोळा जाळणं बंद केलं. हिलालभाऊंशी त्यावरून महिनाभर वाद चालला, मग दोघांची गट्टी जमली ती कायमची. आपल्या गल्लीतला गवंडी आणून अक्कांनी हौदाचा तडा बुजवला. आत एका बाजूला दगड रचून उतार केला, पडलेल्या खारीला, बेडकाला वर येता यावं म्हणून. आणि झाडं त्यांनी कधीच विकत आणली नाहीत. निवडणुकीची ड्युटी पिंपळनेरच्या बाजूला लागली की आम्ही ती रद्द करण्यासाठी हेडबाईंच्या मागं लागायचो, अक्का मागून घ्यायच्या. परत येताना एस.टी.तून उतरल्या की हातात ओल्या रुमालाचं बोचकं. त्यात कुणाच्या परसातली आंबेहळद, कुणाच्या विहिरीच्या भिंतीतला नेचा, कुठल्याशा पाड्यावरच्या म्हातारीनं दिलेला भुईचाफ्याचा कंद. चोपड्याला त्यांची धाकटी बहीण होती, तिच्याकडून काळ्या देठाचं अळू आलं. दरवर्षी नवं लावायचं, दरवर्षी मरू द्यायचं, हा उद्योग त्यांना पसंत नव्हता. "एकदा लावलं की आपलं आपण परत येणारं पाहिजे. आपण असू नसू."

अक्का इतिहास-भूगोल शिकवत आणि शिस्तीच्या पक्क्या. बागेसाठी त्यांनी शाळेची एक जुनी हजेरीवही घेतली होती. मुलींच्या नावांच्या जागी झाडांची नावं, आणि पुढं आडनावासारखं गाव. भुईचाफा, पिंपळनेर. अळू, चोपडा. रोज सकाळी प्रार्थनेच्या आधी त्या वाफ्याच्या कडेला उभ्या राहून नावं वाचायच्या. नाव घेतल्यावर जरा थांबायच्या, मुलीला 'हजर' म्हणायला वेळ द्यावा तशा, आणि मग खूण करायच्या. भुईचाफा, हळद यांची पानं हिवाळ्यात वाळून जातात, वर काही म्हणजे काही दिसत नाही. त्यांच्यापुढं अक्का लिहायच्या 'रजेवर'. त्या जागी फुटक्या पाटीचा तुकडा रोवून त्यावर खडूनं नाव.

"बिनपगारी की हक्काची?" मी एकदा छेडलं.

"हक्काची. आठ महिने राबतात ना? चार महिने झोपू देत." मग वही मिटत म्हणाल्या, "वर दिसत नाही म्हणून खाली काही नाही, असं कधी समजायचं नाही, कुसुम. तुम्हा गणितवाल्यांना समोर मांडलेलंच दिसतं."

हे मी हसण्यावारी नेलं.

हौदातलं पाणी पहिल्या वर्षी असं हिरवंगार झालं की मुली त्याला पालकाची भाजी म्हणायला लागल्या. हेडबाई म्हणाल्या, उपसून टाका. अक्का म्हणाल्या, "पाणी बसायला वेळ लागतो." त्यांनी कडेला वेखंड लावलं, दगडांच्या फटीत ब्राह्मी सोडली आणि वाट पाहत बसल्या. दुसरा पावसाळा संपल्यावर एक दिवस पाहिलं तर तळाचे दगड दिसत होते. रंग हिरवाच, पण पाण्यातून नजर आरपार जायची. मग कोणी तरी डासांची तक्रार केली. अक्का तडक मलेरिया खात्याच्या माणसाकडं गेल्या आणि ताकाच्या बाटलीत गप्पी मासे घेऊन आल्या. पुढच्या वेळी तक्रार आली तेव्हा त्यांनी हौदातलं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन हेडबाईंच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "अळी दाखवा." सापडली नाही.

सहा-सात वर्षांत त्या अंगणाचं रूप पालटलं. झगझगीत असं तिथं काही नव्हतं. सगळं हिरव्यातलं हिरवं, मोठ्या पानांचं, ओलसर. मेमध्ये कोरड्या जमिनीतून, पानांचा पत्ता नसताना, भुईचाफ्याची जांभळट-पांढरी फुलं वर यायची. उन्हाळ्यात हेडबाईंच्या खोलीतल्या कूलरचं उरलेलं पाणीसुद्धा हिलालभाऊ घमेल्यानं आणून हौदात ओतायचे. बारावीच्या मुली अभ्यासाला तिथं बसू लागल्या. मीही पेपर तपासायला तिथंच बसायची.

अशाच एका दुपारी अक्का हौदाच्या काठावर बसून हात पाण्यात सोडून होत्या. त्या स्वतःविषयी फार बोलत नसत. त्या दिवशी आपणहून म्हणाल्या, "माझी आई विहिरीपासून दहा पावलं लांब उभी राहायची. घागर खाली ठेवून. कोणी तरी येईल आणि वरून ओतील म्हणून. कधी तास, कधी दोन तास. मी तिच्या लुगड्याला धरून." मग हात हलवून त्यांनी मासे पळवले. "या पाण्यात मी कधीही हात घालते. मला कोणाची वाट बघावी लागत नाही."  मी पुढचा पेपर घेतला.

माझ्या धाकट्या भावाच्या लग्नानंतर मी अक्कांना आमच्या गावी घेऊन गेले. ही गोष्ट सांगताना मला आजही अवघडायला होतं. आईनं त्यांचं आडनाव विचारलं, गाव विचारलं, आणि चहा केला. आम्हा सगळ्यांना स्टीलच्या पेल्यांत आला. अक्कांना परसातल्या कोनाड्यातली, मजुरांसाठी ठेवलेली, कान तुटलेली कपबशी. "च्या घ्या, बाई," आई अगदी गोड आवाजात म्हणाली. अक्कांनी चहा घेतला. मग मोरीवर जाऊन कपबशी स्वतः विसळली आणि आईला विचारलं, "कुठं ठेवू?" आईनं कोनाडा दाखवला. मी हे सगळं पाहत होते. मी बोलले नाही. आई वयस्कर, पाहुण्यांनी भरलेलं घर, उगाच तमाशा नको, असली कारणं मला भराभर सुचली.

मोरीशेजारी सोनटक्क्याचं मोठं बेट होतं, आमच्या आजीच्या हातचं. अक्कांनी आईकडं त्याचा एक कंद मागितला. आई खूश झाली, चांगला हातभर तुकडा खणून दिला. परतीच्या एस.टी.त मी खिडकीबाहेर पाहत बसले होते. अक्का मांडीवरच्या बोचक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "फार जुनं बेट आहे गं तुमचं. मुळं बघ कशी बोटासारखी." दुसरं काही नाही. सोनटक्का, यावल. हौदाला अगदी लागून, सगळ्यात मानाच्या जागी त्यांनी तो लावला. भाद्रपदात फुलला की शिक्षकांच्या खोलीपर्यंत वास यायचा.

१९९१च्या मार्चमध्ये संस्थेनं इतक्या वर्षांच्या नोकरीबद्दल अक्कांचा सत्कार करायचं ठरवलं. एक मेला, झेंडावंदन आणि निकालाच्या दिवशी. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात चोपड्याच्या बहिणीचं ऑपरेशन निघालं आणि अक्का तीन आठवड्यांच्या रजेवर गेल्या. जाताना हजेरीवही माझ्या हातात दिली. "सगळं यात लिहिलंय. वाचून घे." मी ती टेबलाच्या खणात टाकली. परीक्षेचे गठ्ठे पडले होते.

सत्कार मागच्या अंगणात हौदाशेजारी करावा, ही कल्पना माझी. सगळ्यांना आवडली. सत्काराला चार दिवस राहिले तेव्हा मी अंगणात जाऊन उभी राहिले आणि पहिल्यांदाच ते पाहुण्यांच्या नजरेनं पाहिलं. सोनटक्का अक्कांनी फेब्रुवारीतच जमिनीलगत कापलेला. हळद, भुईचाफा रजेवर. उघडी माती, तिच्यावर पाचोळ्याचा थर, मधेच पाट्यांचे तुकडे, त्यांवरची अक्षरं पुसलेली. हौदातलं पाणी खाली गेलेलं, गर्द हिरवं, वर चिंचेची पानं तरंगतायत. इथं संस्थेचे अध्यक्ष खुर्ची टाकून बसणार. अक्कांच्या वतीनं मलाच लाज वाटली.

"पाणी घाण झालंय," मी हिलालभाऊंना म्हणाले. "उपसून टाका सगळं."

हिलालभाऊ बादली घेऊन नुसतेच उभे राहिले. "अक्काले इचारी लेऊत का पह्यले?"

"त्यांना सांगायचं नाही. आल्या की बघतील."

आम्ही शिक्षिकांनी वर्गणी काढून टँकर मागवला. बाहेरच्या माणसाला याचं महत्त्व कळायचं नाही. त्या उन्हाळ्यात गल्लोगल्ली बाया टँकरच्या मागं हंडे घेऊन धावत होत्या. अशा दिवसांत आख्खा टँकर, स्वच्छ नितळ पाण्याचा, एका बाईच्या हौदात रिता करायचा, यापरता मोठा आहेर आम्हाला सुचला नसता. हौद घासून काढला, आतून चुना दिला, ब्लिचिंग पावडर टाकली. मासे हिलालभाऊंनी बादलीत जपून ठेवले होते, ते नव्या पाण्यात सोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे पोट वर करून तरंगत होते. ते काढायलाही मी हिलालभाऊंनाच सांगितलं.

आणि वाफे. मी दोरी धरून ओळी आखल्या, आमच्या केळीच्या बागेत आखतात तशा. नर्सरीतून फुलांसकट झेंडूची रोपं आणली. हिलालभाऊ उकरत होते, ते मधेच थांबले. त्यांच्या हातात मातीचं ढेकूळ होतं आणि त्यात बोटाच्या पेराएवढी गुलाबी टोकं.

"बाई, हाई कोंब फुटी राह्यनात. राहू देऊ का?"

"तण आहे ते," मी म्हणाले. "काढा."

 हिलालभाऊ सगळं घमेल्यात भरून संडासामागच्या उकिरड्यावर टाकून आले. दोन खेपांत सगळा गाव रिकामा झाला, पिंपळनेर, चोपडा, यावल, सगळा.

एक मेला अक्का स्टँडवरून परस्पर शाळेत आल्या. हातात पिशवी, चेहऱ्यावर प्रवासाची धूळ. आम्ही सगळ्या त्यांच्या तोंडाकडं पाहत होतो, आता खुलेल, मग खुलेल म्हणून. त्यांनी झेंडूच्या ओळींवरून नजर फिरवली. पिशवी खाली ठेवून हौदाजवळ गेल्या, पाण्यात हात घातला, बाहेर काढून वास घेतला आणि पदराला पुसला. त्या हौदात हात घातल्यावर तो पुसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"हिलालभाऊ," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "पाणी घाण आहे, असं कोण म्हणालं?"

मी दोन हातांवर हारांचं ताट घेऊन उभी होते. त्या बाईंनी त्यांच्या आईची गोष्ट मला, एकटीला, सांगितलेली होती. घाण हा शब्द मी कुणाच्या पाण्याला लावला, हे मला त्या क्षणी कळलं.  हिलालभाऊंनी माझ्याकडं पाहिलं नाही. ते जमिनीकडं बघत म्हणाले, "मालेच वाटनं, अक्का. म्हटलं साफ करी टाकूत."

अक्कांनी मान हलवली. मग माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. हजेरी घेताना नाव वाचून थांबायच्या, तेवढ्याच थांबल्या. मी ताटातले हार सारखे करायला लागले. अध्यक्षांची गाडी आली म्हणून बोलायचं राहिलं, असं मी पुढं बरेच दिवस स्वतःला सांगत होते. गाडी यायला चांगली दहा मिनिटं होती.

सत्काराला उत्तर देताना अक्का चारच वाक्यं बोलल्या. "बहिणीच्या दुखण्यामुळं मी भाषण लिहून आणलं नाही. तुम्ही सगळ्यांनी टँकर आणला, त्याबद्दल आभार. या गावात टँकर देणं म्हणजे काय, ते मला चांगलं कळतं. एवढं पाणी मला आजपर्यंत कोणी दिलं नव्हतं." टाळ्या झाल्या. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

झेंडू सावलीत आठ दिवसांत गेला. उन्हाळ्याच्या सुटीत शाळा बंद असताना उकिरड्यावर भुईचाफा फुलला होता, असं जूनमध्ये हिलालभाऊंनी मला सांगितलं. मी जाऊन पाहिलं, तर नगरपालिकेची गाडी येऊन उकिरडा उचलून गेली होती. भिंतीच्या कोपऱ्यात, गाडीच्या खोऱ्याला न लागलेला एक सोनटक्क्याचा तुकडा होता, कोंब आलेला. तो मी घरी नेऊन तेलाच्या डब्यात लावला. अक्कांना द्यायचा, आणि देताना सगळं सांगायचं, असं ठरवून टाकलं. आज सांगू, उद्या सांगू करत गणपती झाले, दिवाळी झाली.

अक्का पहिल्यासारख्याच वागत होत्या. हात धुवायला रांग जायची, पाणी पन्हळीतून हौदात जायचं. फक्त हजेरी बंद झाली होती, आणि मला त्या कुसुमऐवजी 'चौधरीबाई' म्हणायला लागल्या होत्या. पुढच्या जूनमध्ये संस्थेच्या जळगावच्या शाळेत त्यांनी बदली मागून घेतली. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली बाई गाव बदलते, याचं सगळ्यांना नवल वाटलं. निरोपाच्या दिवशी त्या हिलालभाऊंशी बराच वेळ बोलत होत्या. मला नमस्कार करून गेल्या.

१९९६च्या मेमध्ये भाचीच्या लग्नाचं सोनं घ्यायला मी जळगावला गेले. थोरल्या भावाला आणि भावजयीला सराफाच्या दुकानात बसवलं आणि कापडी पिशवी घेऊन रिक्षा केली. पिशवीत तो सोनटक्का होता. पाच वर्षांत डबा फुटेस्तोवर वाढला होता.

अक्का निवृत्त होऊन एका कॉलनीत दोन खोल्यांत राहत होत्या. खूप वाळल्या होत्या. एका डोळ्याला जाड भिंग. बैठकीत बुद्धाची लहानशी मूर्ती, तिच्यासमोर तांब्यात पानं. फूल नव्हतं. "ये," म्हणाल्या, चार वर्षं मधे गेलीच नव्हती अशा. चहा केला, दोघींना सारखे पेले. मग मागचं दार उघडून दाखवलं. शेजारच्या दुमजली घराची भिंत, तिच्या सावलीत गुरांच्या पाण्याची सिमेंटची टाकी अर्धी जमिनीत पुरलेली. शेजाऱ्यांच्या धुण्याचं शेवटचं, बिनसाबणाचं पाणी ठिबकच्या काळ्या नळीतून कर्दळीत, कर्दळीतून टाकीत. पाणी हिरवं होतं आणि तळाचा दगड दिसत होता. बाजूला रिकामी माती, पाट्यांचे तुकडे.

मी पिशवी खाली ठेवली. "अक्का, त्या दिवशी हिलालभाऊंनी नाही. मीच—"

"माहीत आहे."

"हिलालभाऊंनी सांगितलं?"

"ते कशाला सांगतील. सात वर्षं ते त्या वाफ्यात माझ्याबरोबर होते. त्यांना कोंब ओळखता येत होते. ते आपणहून उकरतील का?" त्या पायरीवर बसल्या. "पाणी उपसलंत, चुना लावलात, त्याचा मला राग नव्हता, कुसुम. ते तुम्ही मायेनं केलंत. माणूस चुकतो. झाडं परत लावता येतात. मी वाट बघत होते, तू येऊन सांगशील म्हणून. वर्षभर बघितली. मग बदली मागितली."

मी रडायला लागले. त्यांनी थांबवलं नाही.

"तुझ्या आईच्या घरी तू बोलली नाहीस, तेव्हा मी म्हटलं, घर आईचं आहे, ती तरी काय बोलणार. शाळा तर आपल्या दोघींची होती."

 मग त्यांनीच पिशवीत डोकावून कंद बाहेर काढला, नखानं टोकरून नाकाशी नेला. "जिवंत आहे," म्हणाल्या. दोघींनी मिळून टाकीच्या कडेला खड्डा केला. माती लोटून झाल्यावर मी हात धुवायला नळाकडं वळले.

"तिथं नको धुऊस," अक्का म्हणाल्या. "इकडं ये." तांब्यानं माझ्या हातांवर पाणी घातलं. ते नळीच्या तोंडाशी असलेल्या वाळूत मुरलं.

"भाद्रपदात फुलेल. ये बघायला." एवढंच त्यांनी मागितलं. मी हो म्हणाले. भाद्रपदात घटक चाचणीचे पेपर होते, आईची तब्येत होती, आणि खरं सांगायचं तर त्या पायरीवर पुन्हा बसायची माझी छाती झाली नाही. हिवाळ्यात हिलालभाऊ सायकलवरून माझ्या घरी आले आणि दारातच उभे राहून म्हणाले, "अक्का गयी, बाई." सोनटक्का फुलला होता की नाही, हे मी कोणालाही विचारलं नाही.

मेमधल्या त्या दिवशी अक्कांकडून निघताना मी पुढच्या दारानं न जाता मागच्या बोळातून गेले, रिक्षा तिकडं मिळते म्हणून. फाटकाची कडी लावायला वळले तर अक्का वाफ्याच्या कडेला उभ्या होत्या, पाठमोऱ्या. पदर कमरेला खोचलेला. हजेरीवही नवी होती. वही डोळ्यांच्या अगदी जवळ धरून त्यांनी शेवटच्या ओळीत काही तरी लिहिलं आणि पहिल्यापासून नावं वाचायला लागल्या. भुईचाफा. हळद. अळू. मग म्हणाल्या, "सोनटक्का, यावल." आणि नेहमीसारख्या थोडा वेळ थांबल्या.